धावतंय कोण?

आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज वर्षातून दोनदा तरी येतो. यंदा भाचीने शाळेत कोणता विषय घ्यावा यावर चर्चा चालू असताना मामांनी टाकला: 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा, हे नासाने १९८५ मध्येच मान्य केलंय. तिच्यात संदिग्धता नाही. पुढच्या पिढीचे संगणक संस्कृतवर चालणार. मुलांना संस्कृत घ्यायला लावा.' मामांना ग्रुपवर उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.

१९८५चा निबंध खरा आहे. तो रिक ब्रिग्ज यांचा. ते तेव्हा नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संस्थेत होते. पण निबंध छापला 'एआय मॅगझिन'ने, आणि ते मासिक नासाचं नव्हे. एका प्राध्यापकाने लेख लिहिला म्हणजे विद्यापीठाने ठराव केला, असं होत नाही.

बरं, त्यात आहे तरी काय? त्यातलं एक उदाहरण: मैत्र नावाचा माणूस मैत्रीखातर देवदत्तासाठी विस्तवावर भांड्यात भात शिजवतो. अशा वाक्याची जुने वैयाकरण फोड करत: कर्ता कोण, कर्म काय, अधिकरण, म्हणजे क्रियेची जागा, कुठलं. ही फोड आणि एआयवाले काढत ते अर्थाचं जाळं, म्हणजे कशाचा कशाशी संबंध हे दाखवणारी आकृती, यांत ब्रिग्जना साम्य दिसलं. निरीक्षण सुरेखच आहे. पण ते शास्त्रकारांच्या विश्लेषणाच्या पद्धतीबद्दल आहे, बाजारातल्या किंवा काव्यातल्या संस्कृतबद्दल नाही.

'संदिग्धता नाही' हे तर खुद्द पतंजली या जुन्या वैयाकरणाला पटलं नसतं. त्याच्या 'महाभाष्य' या व्याकरणग्रंथात 'श्वेतो धावति' असं उदाहरण आहे. 'श्वेतः धावति' असा विग्रह केला तर पांढरा धावतोय; 'श्वा इतः धावति' केला तर इथून कुत्रा धावतोय. संधी सोडवून शब्द वेगळे करणं हीच संगणकासाठी संस्कृतमधली पहिली डोकेदुखी. सी किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांतल्या ओळीचे असे दोन अर्थ निघून चालत नाही.

संस्कृतचं व्याकरण रचणाऱ्या पाणिनीचं श्रेय मात्र कुणी काढून घेऊ नये. सुमारे ४,००० सूत्रांत त्याने अख्खी भाषा बसवली. 'अच्' म्हटलं की सगळे स्वर आले, 'हल्' म्हटलं की सगळी व्यंजनं! प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण मांडायची जी बॅकस पद्धत आहे, तिला पाणिनीचंही नाव द्यावं असं पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचवलं होतं. पण हे कौतुक नियम लिहिणाऱ्याचं आहे. तेवढ्याच काटेकोरपणे कुणी मराठीचे नियम लिहिले असते, तर हाच मेसेज मराठीच्या नावाने फिरला असता.

पुढच्या पिढीच्या संगणकांबद्दल काय बोलायचं? निबंधाला चाळीस वर्षं झाली, यंत्र अजून शून्य आणि एकावरच चालतंय.

राहिली भाची. तिला संस्कृत घ्यायचंच आहे, आणि कारणही तिने सरळ सांगितलं: विषय स्कोअरिंग आहे. नासापेक्षा हे कारण मला जास्त प्रामाणिक वाटलं.