क्रीटमधली रानटी ऑर्किडे आणि गाइडची गरज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या रानटी ऑर्किडांवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : गाइडच्या मागे घोळक्याने फिरून त्याने बोट दाखवलेली फुले पाहणे हा शोध नव्हे, ती दर्शनाची रांग झाली, फुले रस्त्याच्या कडेलाच होती असे मीच लिहिले असल्यामुळे भाड्याची गाडी, नकाशा आणि फोनमधले फुले ओळखणारे ॲप एवढ्यावर काम भागले असते, माळावर माणसांचा गट उतरला की फुले तुडवली जाणारच, आणि लेखात नेमकी ठिकाणे न देणे म्हणजे ज्ञान दडवून ठेवणे. शेवटी आपण असेही विचारले आहे की, एकट्याने जायचे झाल्यास केव्हा आणि कुठे जावे. त्याचे उत्तर शेवटी देतो, आधी आक्षेपांबद्दल.

फुले रस्त्याच्या कडेला होती, हे खरेच आहे. मात्र तो रस्ता कोणता आणि आठवडा कोणता, यावर सगळे अवलंबून असते. क्रीट हे पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांबीचे बेट आहे आणि समुद्रसपाटीपासून प्सिलोरितिस पर्वताच्या २,४५६ मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत ते थोड्याच अंतरात चढत जाते. त्यामुळे तिथे वसंत ऋतू एका वेळी सगळीकडे येत नाही, तो किनाऱ्याकडून डोंगराकडे पायरीपायरीने चढतो. हिमांटोग्लॉसम रोबर्टियानम हे दणकट, हातभर उंचीचे ऑर्किड किनारपट्टीवर फेब्रुवारी-मार्चमध्येच फुलून जाते. स्पिली गावाच्या वर, केद्रोस पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या यूस काम्बोस या पठारावर मात्र एप्रिलच्या मध्याला कुठे बहर भरात येतो, आणि तोवर खालच्या उतारांवरच्या कितीतरी जातींची फुले वाळून नुसती बोंडे उरलेली असतात. त्यात हिवाळ्यातला पाऊस लवकर संपला की हे सगळे वेळापत्रक अलीकडे येते. गेल्या वर्षी कोणीतरी नकाशावर टाकलेल्या खुणेवर पोहोचून नुसते गवत पाहणारे प्रवासी आम्हाला वाटेत भेटले होते, आणि त्यांच्याकडे नकाशाही होता आणि ॲपही.

आमच्या मार्गदर्शक बाई वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक होत्या. गाडी थांबवायची ती त्या फुले पाहून नव्हे, उतार पाहून. चुनखडीचा पातळ मातीचा उतार, खत न पडलेली जमीन, नांगर न फिरलेली पायऱ्यापायऱ्यांची शेते, तणनाशक न मारलेली जुनी ऑलिव्हची बाग, या खुणा जुळल्या की त्या उतरायला सांगत. खताचा मुद्दा मला तिथेच नीट कळला. ऑर्किडाचे बी धुळीच्या कणाएवढे असते आणि अंकुराला पुरेल असा अन्नसाठा त्यात नसतो, त्यामुळे मातीतल्या विशिष्ट बुरशीने पोसल्याशिवाय ते रुजतच नाही. एका रोपाला पहिले फूल यायला काही वर्षे जातात. जमिनीला खत घातले की एक तर या बुरशीचे तंत्र बिघडते आणि दुसरे म्हणजे जोमाने वाढणारे गवत या बारीक रोपांना झाकून टाकते. म्हणून हिरवागार, लुसलुशीत माळ पाहून आपण थांबलो असतो तिथे बाई न थांबता पुढे जात, आणि एखाद्या रखरखीत, दगडांनी भरलेल्या उतारापाशी गाडी उभी राही.

त्या बोट मात्र दाखवत नसत. इथे कोणकोणत्या जाती आहेत एवढे सांगून त्या बाजूला उभ्या राहत आणि आम्ही शोधायचे. पहिल्यांदा कोणालाच काही दिसले नाही. मग त्यांनी शेळ्यांकडे लक्ष द्यायला सांगितले. क्रीटच्या त्या बुटक्या, सुगंधी, काटेरी झुडपांच्या माळाला ग्रीक लोक फ्रिगाना म्हणतात, आणि तिथे शेळ्यामेंढ्यांचे तोंड पोहोचेल तिथले बहुतेक सगळे खाल्लेले असते. शिल्लक राहते ते काट्यांच्या आत. घुमटाच्या आकाराच्या काटेरी युफोर्बियाच्या जाळीत गुडघे टेकून डोळे लावले, तेव्हा आतल्या सावलीत ऑर्किस इटालिकाचा गुलाबी तुरा दिसला. या फुलाची प्रत्येक ओठपाकळी (खालची वेगळ्या आकाराची पाकळी) हात-पाय पसरलेल्या चिमुकल्या नग्न पुरुषासारखी दिसते, आणि या साम्यात कसलीही उणीव निसर्गाने ठेवलेली नाही, एवढे सांगून पुढे जातो. एकदा काट्यांच्या आत पाहायचे हे कळल्यावर त्याच उतारावर आम्हाला जागोजाग फुले दिसू लागली. याला आपण दर्शनाची रांग म्हणावे असे मला तरी वाटत नाही.

आता ॲपबद्दल, कारण आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला तो वाटतो. ऑर्किस इटालिका ॲप बिनचूक ओळखेल. पण क्रीटला लोक ज्यांच्यासाठी जातात त्या ऑफ्रिस वंशात ॲपचे काहीच चालत नाही, आणि दोष ॲपचा नाही. या वंशात जाती किती, यावर अभ्यासकांचेच एकमत नाही. कोणी जेमतेम वीस मानतात, तर कोणी अडीचशेच्या पुढे जातात. असे का होते हे समजण्यासाठी त्या फुलाची लबाडी समजून घ्यावी लागते. ऑफ्रिसच्या फुलात मध नसतो. त्याची ओठपाकळी मादी माशीच्या (इथे माशी म्हणजे रानटी मधमाशी) शरीरासारखी लवदार असते आणि तिला मादीसारखाच गंध असतो. वसंतात, एकेकट्या राहणाऱ्या माश्यांच्या जातींमध्ये नर आधी बाहेर पडतात आणि माद्या काही दिवसांनी. या मधल्या काळात नर फुलाशीच संग करू पाहतात आणि परागपुंज (परागकणांचे चिकट गोळे) घेऊन दुसऱ्या फुलावर जातात. अल्जीरियात न्यायाधीश असलेल्या पुयान यांनी हा प्रकार वर्षानुवर्षे पाहून १९१६ मध्ये स्विस वनस्पतितज्ज्ञ कोरव्हाँ यांच्यासह मांडला, तेव्हा तो अनेकांना अविश्वसनीय वाटला होता. पुढे १९९९ मध्ये ऑफ्रिस स्फेगोडेस या जातीबाबत असे दाखवून दिले गेले की, फुलातले हायड्रोकार्बन (गंधाची रसायने) आणि त्याला भुलणाऱ्या नराच्या मादीच्या अंगावरचे हायड्रोकार्बन सारखेच असतात, आणि नराला भुलवायला तेवढे पुरते.

याचा अर्थ असा की, एखादे फूल कोणत्या जातीचे हा प्रश्न बऱ्याच अंशी त्याच्याकडे कोणती माशी येते या प्रश्नावर ठरतो. ऑफ्रिस इरिकलरकडे अँड्रिना मोरियो येते, ऑफ्रिस हेल्ड्रायखीकडे युसेरा वंशातली लांब मिशांची माशी. फोटोत ना गंध येतो ना माशी. बाईंनी आम्हाला भिंगातून दाखवलेली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ऑफ्रिस फुस्काच्या गटात ओठपाकळीवरची लव अशा रीतीने वळलेली असते की नर माशी तिच्यावर उलटी बसते, म्हणजे डोके बाहेर आणि पोट फुलाच्या आत. परिणामी परागपुंज तिच्या पोटाच्या टोकाला चिकटतात. इतर बऱ्याच ऑफ्रिसांमध्ये ती सरळ बसते आणि परागपुंज डोक्यावर दोन पिवळ्या शिंगांसारखे उभे राहतात. एकाच उतारावर शेजारीशेजारी वाढणाऱ्या दोन जातींची सरमिसळ टळायला या उलट्या-सुलट्या बसण्याचीही मदत होते. फुस्का गटातली क्रीटची रोपे ओळखताना फुलण्याची तारीख, फुलाचा आकार, ओठपाकळी बुंध्याशी वाकते की सपाट राहते असे सगळे पाहून बाई पुष्कळदा वहीत फक्त ‘फुस्का गट’ एवढेच लिहीत. त्याच रोपाच्या तीन फोटोंना ॲपने तीन वेगळी नावे दिली, आणि तिन्ही वेळा ठामपणे दिली. तज्ज्ञाने सांगितलेली नावे तर पुस्तकातही सापडतात, पण कुठे नाव द्यायचे नाही हे शिकण्यासाठी मोजलेले पैसे मला वसूल वाटले.

आणखी एक गोष्ट ॲपमुळे मिळाली नसती. सेरापियास या आणखी एका ऑर्किडाची फुले गडद लाल, नळीसारखी असतात आणि गार हवेत नर माश्या त्यांत रात्रीच्या आसऱ्याला शिरतात. सकाळी ऊन यायच्या आत पाहिले तर आत झोपलेली माशी सापडते, म्हणून न्याहारीच्या आधी बाहेर पडायचा बाईंचा आग्रह असे. एका अ‍ॅनाकॅम्प्टिस ऑर्किडाच्या फुलात त्यांनी गवताची बारीक काडी घातली आणि बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला परागपुंज चिकटून उभे होते. आम्ही पाहत असतानाच, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, ते पुढे झुकले. डार्विनने पेन्सिलीच्या टोकावर हेच पाहून ठेवले आहे : एवढा वेळ जाईपर्यंत माशी दुसऱ्या रोपावर पोहोचलेली असते आणि झुकलेले परागपुंज तिथल्या कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागावर, नेमके टेकतात. बाईंनी ती काडी मग शेजारच्या रोपाच्या फुलात नीट टेकवली आणि उठल्या.

तुडवण्याच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्या गटाला शिस्त नाही त्या गटाने माळावर उतरू नये असेच मी म्हणेन. आम्ही शेळ्यांच्या पायवाटेवरून एकामागोमाग एक चालत होतो, गुडघा टेकण्याआधी जमीन तपासत होतो, आणि एका फुलापाशी एका वेळी एकच जण बसत होता. पण दुर्मीळ फुलाभोवती चेपलेल्या गवताची जी वर्तुळे आम्ही पाहिली, ती गटांपेक्षा एकट्या छायाचित्रकारांची जास्त असावीत, असा माझा कयास आहे. फोटो स्वच्छ यावा म्हणून आजूबाजूचे गवत आणि काटे उपटून टाकण्याची खोड अनेकांना असते, आणि मग ते फूल उन्हाला आणि शेळीला, दोघांनाही उघडे पडते. शेळ्यांवर मात्र मी सगळे खापर फोडणार नाही. चराई अति झाली तर फुले जातात, पण ती पूर्ण थांबली तर झुडपे माजतात आणि फुले तरीही जातात. आपल्याकडे कास पठाराच्या कुंपणावरून झालेला वाद आपण वाचला असेल, तो याच कारणाचा होता. क्रीटच्या ऑर्किडांना आमच्या बुटांपेक्षा नांगर, तणनाशक आणि किनाऱ्यावरची बांधकामे यांचा धोका कितीतरी मोठा आहे.

ठिकाणे न देण्याबाबत माझे मत ठाम आहे. पूर्व भूमध्य भागात या ऑर्किडांचे कंद उकरून, उकडून, वाळवून त्यांची भुकटी करतात. तिला सालेप म्हणतात आणि तुर्कस्तानात ती गरम दुधात आणि आइस्क्रीममध्ये घालतात. एका किलोला हजारावर कंद लागतात. प्रत्येक रोपाला सहसा दोन कंद असतात, यंदाचा सुरकुतत जाणारा आणि पुढच्या वर्षासाठी भरत असलेला, आणि उकरणाऱ्याला हवा असतो तो नेमका दुसरा. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांतली सालममिश्री हीही अशाच कंदांची, आणि हिमालयातल्या सालमपंजा या ऑर्किडाचा तिच्यापायी झालेला ऱ्हास सर्वश्रुत आहे. याशिवाय बागेत लावण्यासाठी रोपे पळवणारे हौशी संग्राहक असतातच. ती रोपे बुरशीवाचून बहुधा मरतात, हे त्यांना उशिरा कळते. इंग्लंडमध्ये नामशेष मानले गेलेले लेडीज स्लिपर ऑर्किड १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये एकुलत्या एका रोपाच्या रूपाने सापडले, तेव्हा त्याची जागा कित्येक दशके गुप्त ठेवली गेली आणि बहरात तिथे राखणदार बसत. आपण ज्या ॲपवर भिस्त ठेवायला सांगता त्याच प्रकारच्या आयनॅचरलिस्टवरही संकटग्रस्त जातींचे अक्षांश-रेखांश मुद्दाम धूसर केलेले असतात. तेव्हा माझ्या गप्प राहण्याने ज्ञानाचे काही अडत नाही.

राहिला आपला प्रश्न. यूस काम्बोसचे नाव वर मी मोकळेपणाने घेतले, कारण ते ठिकाण सर्वांना ठाऊक आहे आणि तिथे एकट्याने जायला हरकत नाही. एप्रिलचा दुसरा ते चौथा आठवडा धरा. मुक्काम स्पिलीत करा. तिथून पठार गाडीने जवळ आहे. मात्र ग्रीक ईस्टरच्या तारखा पाहून घ्या, कारण त्या आठवड्यात खोल्या मिळणे कठीण जाते. २०२७ मध्ये तो २ मे रोजी येतो, म्हणजे त्या वर्षी एप्रिलचा मध्य आपल्याला मोकळा मिळेल. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. पठारावरच्या शेतांत ट्युलिपा डोरफ्लेरी ही लाल ट्युलिप दिसेल, ती क्रीटबाहेर कुठेच नैसर्गिकरीत्या उगवत नाही. ती शेते कोणाच्या तरी पोटापाण्याची आहेत, तेव्हा बांधावरूनच पाहा. ऑर्किडांसाठी ओलसर खाचा आणि खडकाळ उंचवटे दोन्ही तपासा, दहापट वाढवणारे छोटे भिंग जवळ ठेवा आणि सकाळी लवकर निघा. मेंढपाळांची तारेने बांधलेली फाटके वाटेत लागतील. ती उघडून आत जायला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण आत गेल्यावर तार पुन्हा होती तशी अडकवा.