सारा बर्क हट्टापायी गेली नाही

हिवाळी ऑलिंपिक जवळ आलं किंवा बर्फावरच्या एखाद्या अपघाताची बातमी आली की एक मराठी मेसेज नव्याने फिरायला लागतो. गेल्या आठवड्यात तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. मामांनी टाकला होता आणि खाली माझ्या मुलीचं नाव घालून लिहिलं होतं, ‘जरा विचार करा गं.’ आम्ही ऑन्टारिओत राहतो. मुलगी ११ वर्षांची आहे आणि दोन हिवाळे झाले, स्की शिकतेय.

मेसेज थोडक्यात असा: सारा बर्क नावाच्या कॅनडाच्या मुलीने मुलांशी बरोबरी करायच्या हट्टापायी, विक्रमाच्या नादात, हेल्मेटसुद्धा न घालता २२ फुटी बर्फाच्या भिंतीवरून उडी मारली आणि २९व्या वर्षी जीव घालवला. कॅनडात उपचार फुकट असूनही नवऱ्याच्या डोक्यावर साडेपाच लाख डॉलरचं कर्ज ठेवून गेली. ऑलिंपिकचं पदक राहिलं बाजूला, ऑलिंपिक बघायलाही उरली नाही. मग शेवटी, मुलींना पंख द्या पण मर्यादाही शिकवा.

मामा, तुमची काळजी मला कळते. मुलगी पहिल्यांदा चेअरलिफ्टवर एकटी बसली तेव्हा मी खाली श्वास धरून उभी होते. पण हा मेसेज मला झोंबला. सारा इथलीच होती. जन्म बॅरीचा, वाढली मिडलंडला, जॉर्जियन बेच्या काठावरच्या लहानशा गावात. आमच्या मुलीला शिकवणाऱ्या पोरी तिचं नाव घेतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. अशा माणसाबद्दल चुकीचं काही फिरत असेल तर गप्प बसवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘विक्रमाच्या नादात.’ १० जानेवारी २०१२ला अमेरिकेतल्या युटा राज्यात, पार्क सिटीच्या हाफपाइपमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेल्या बर्फाच्या नळीत, ती स्कीवर सराव करत होती. स्पर्धा नव्हती. जी उडी घेताना ती पडली ती ५४० अंशांची, म्हणजे हवेत दीड फेरा, अंग थोडं आडवं टाकून. ही उडी ती वर्षानुवर्षं घेत आली होती. स्पर्धेत ७२० मारणारी पहिली बाई सारा, ९०० मारणारी पहिली सारा आणि १०८०, म्हणजे पुरे तीन फेरे मारणारीही साराच. तिच्यासाठी ५४० म्हणजे मुरलेल्या गवयाने रियाजाला बसून रोजचे अलंकार घोटावेत तसं. पडली ती सुद्धा फार भयंकर दिसेल अशी नाही. बघणाऱ्यांना आधी वाटलं, उठेल.

मी हाफपाइपच्या पायथ्याशी एकदा उभी राहिले आहे. टीव्हीवर त्याची कल्पना येत नाही. अर्धी कापलेली नळी उतारावर आडवी टाकावी तसा तो आकार असतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंती २२ फुटांच्या, म्हणजे आपल्या दुमजली घराच्या गच्चीएवढ्या. वरची कड जवळजवळ सरळ उभी आणि तिचा बर्फ काचेसारखा टणक. मुलं त्या कडेच्या वर उडतात आणि परत त्याच भिंतीवर, कडेच्या थोडं खाली उतरतात. तिथे नेमकं उतरलं तर उतारच वेग झेलून घेतो, गुडघ्याला फारसं कळतही नाही. चार फूट आत पडलं तर खाली सपाट बर्फ. सगळा हिशोब त्या चार फुटांचा. ऐकू येतो तो फक्त स्कीच्या कडा घासल्याचा खर्रर आवाज, मग दोन सेकंद काहीच नाही आणि मग पुन्हा खर्रर. मधल्या शांततेत माझे तळवे ओले झाले होते.

तेव्हा खेळ धोक्याचा आहे हे मी नाकारत नाही, मामा. याच पार्क सिटीच्या पाइपमध्ये ३१ डिसेंबर २००९ला केव्हिन पीअर्स हा स्नोबोर्डर डोक्यावर पडला आणि मेंदूला जबर मार बसला. तो वाचला, पण पहिल्यासारखं स्पर्धेत उतरणं त्याला पुन्हा जमलं नाही. तो पुरुष होता. त्याच्या नावाने ‘मुलांना मर्यादा शिकवा’ असा मेसेज मला कधी आलेला नाही.

‘हेल्मेट न घालता.’ हे तर धडधडीत खोटं. हेल्मेट होतं. घात झाला तो मानेत. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी बारीक भोकं असतात आणि त्यांतून मेंदूकडे रक्त नेणारी एकेक धमनी वर जाते. त्यातली एक फाटली, मेंदूभोवती रक्त साचलं आणि तिचं हृदय तिथेच बर्फावर थांबलं. जागेवरच छाती दाबून ते पुन्हा सुरू केलं, सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया केली. पण मधल्या काळात मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता आणि ते नुकसान भरून येणारं नव्हतं. १९ जानेवारीला ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे अवयवदान झालं. मेसेजमध्ये हे कुठेच नाही.

हेल्मेट कवटी वाचवतं, मानेतली धमनी वाचवणारं हेल्मेट नाही. ‘घातलं नव्हतं’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, कारण मग चूक तिची ठरते आणि आपली पोरं सुरक्षित वाटतात. पण त्यापायी गेलेल्या मुलीवर बेपर्वाईचा डाग लावायचा?

‘मुलांशी बरोबरी करायचा हट्ट.’ इथे मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तिचं खरं काम या एका शब्दाखाली गाडून टाकलंय.

स्नोबोर्डचा हाफपाइप १९९८च्या नागानो ऑलिंपिकपासून आहे, पुरुषांचा आणि बायकांचा, दोन्ही. स्कीवर तोच पाइप मारणाऱ्यांना ऑलिंपिकमध्ये जागा नव्हती आणि मुलींना तर इतर स्पर्धांतसुद्धा नव्हती. सारा किशोरवयात मोगल्स खेळायची, म्हणजे बर्फाच्या टेंगळांवरून उसळत खाली येण्याचा प्रकार. तिथून ती पाइपकडे वळली तेव्हा मुलींची वेगळी स्पर्धाच नसायची. मग ती मुलांच्या स्पर्धेत उतरायची. याला बरोबरीचा हट्ट म्हणायचं की खेळायला दुसरं मैदानच नव्हतं असं म्हणायचं?

तिने मागितलं ते मुलींसाठी स्वतंत्र मैदान. एक्स गेम्स ही या खेळांची सगळ्यांत मोठी वार्षिक स्पर्धा, तिच्या आयोजकांच्या ती मागेच लागली आणि २००५पासून तिथे मुलींचा स्की हाफपाइप सुरू झाला. त्याच वर्षी फिनलंडमधल्या रुकाला ती जगज्जेती झाली. पुढे एक्स गेम्सचं सुवर्ण २००७, २००८, २००९ आणि २०११ला, एकूण चार वेळा. यातल्या २००९च्या स्पर्धेतच स्लोपस्टाइलमध्ये, म्हणजे उतारावरच्या दांड्यांवरून आणि उंचवट्यांवरून उड्या मारत खाली येण्याच्या प्रकारात, पडून तिच्या पाठीचा मणका मोडला होता. ती सावरली, परत आली, जिंकली.

आणि जिंकत असताना ऑलिंपिकचं दार ठोठावणं सुरूच होतं. व्हँकुव्हरचं २०१० हातातून गेलं, आणि ते तर तिच्या स्वतःच्या देशात. शेवटी एप्रिल २०११मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४च्या सोचीसाठी स्की हाफपाइपला मान्यता दिली, पुरुष आणि महिला दोन्ही. बायकांच्या स्की जंपिंगलाही त्याच वेळी होकार मिळाला. त्याच्या आधी त्या मुली व्हँकुव्हरसाठी कोर्टात गेल्या होत्या आणि हरल्या होत्या. यावरून कळेल की दार किती घट्ट लावलेलं होतं.

एक गोष्ट मला या सगळ्यात फार मोठी वाटते. फ्रान्सची मारी मार्टिनो ही तिची जुनी प्रतिस्पर्धी. खेळ सोडून, मुलीची आई होऊन संसारात रमली होती. सारा तिच्याकडे गेली आणि म्हणाली, आता ऑलिंपिक होणार आहे, तू परत ये. पदकाची हाव असलेलं माणूस स्वतःला हरवू शकेल अशा बाईला घरी जाऊन बोलावून आणतं का? मार्टिनो परत आली. सोचीला रौप्य, २०१८च्या प्योंगचांगला पुन्हा रौप्य, तेव्हा वय ३३.

‘उपचार फुकट असूनही कर्ज.’ यात दोन चुका आहेत, आणि हा मुद्दा इथल्या सगळ्या मराठी घरांनी नीट वाचावा. साडेपाच लाख डॉलर हा आकडा सुरुवातीच्या दिवसांतला अंदाज होता, बिल नव्हे. त्यासाठी ऑनलाइन मदत मागितली गेली तेव्हा अनोळखी लोकांनी थोड्याच दिवसांत ३ लाख डॉलरहून जास्त जमा केले. तिच्या नवऱ्याला, रोरी बुशफील्डला, लोकांनी वाऱ्यावर सोडलं नाही.

दुसरी चूक ‘फुकट’ या शब्दात. कॅनडातली सरकारी आरोग्यसेवा कॅनडात. सारा राहायची ब्रिटिश कोलंबियात आणि तिथली योजना परदेशातल्या रुग्णालयासाठी दिवसाला ७५ कॅनेडियन डॉलरपर्यंत देते. पंचाहत्तर! संघटनेच्या स्पर्धेत असती तर राष्ट्रीय संघटनेचा विमा लागू झाला असता, पण तो सराव एका खाजगी प्रायोजकाने ठेवलेला होता, त्यामुळे तोही नाही. म्हणजे जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू प्रायोजकासाठी काम करत होती आणि त्या दिवशी तिच्यामागे कुठलंच छत्र नव्हतं. राग यायचाच असेल तर त्या व्यवस्थेचा यावा. आपणही भारतातून आईबाबा आले की आधी त्यांचा विमा काढतो आणि स्वतः मात्र शनिवारी नायगारा ओलांडून बफेलोला खरेदीला बिनविम्याचे जातो. मामा, या मेसेजमधून काही घ्यायचंच तर मी हे घेतलं. मुलीच्या शिबिराचा फॉर्म भरताना विम्याची पानं आता अक्षर न् अक्षर वाचते.

‘ऑलिंपिक बघायलाही उरली नाही.’ हे एवढंच खरं आहे. आणि ते ज्या सुरात लिहिलंय त्याने मला सगळ्यांत जास्त दुखवलं.

२० फेब्रुवारी २०१४ला सोचीत महिलांचा पहिला ऑलिंपिक स्की हाफपाइप झाला. अमेरिकेची मॅडी बोमन पहिली, मार्टिनो दुसरी, जपानची आयाना ओनोझुका तिसरी. हेल्मेटवर साराच्या नावाचं स्टिकर लावायला परवानगी नव्हती, तरी त्या दिवशी प्रत्येकीच्या तोंडी तिचंच नाव होतं. त्याच्या काही दिवस आधी स्लोपस्टाइलचं सुवर्ण घेतलं ते आमच्या ऑन्टारिओतल्याच हंट्सव्हिलच्या डारा हॉवेलने, आणि ते तिने साराला अर्पण केलं. २०१८चं हाफपाइपचं सुवर्ण कॅनडाच्या कॅसी शार्पचं. २०२२ला बीजिंगमध्ये चीनची आयलीन गू पहिली, तर रौप्य आणि कांस्य दोन्ही कॅनडाच्या मुलींना. आज पाइपमध्ये उतरणाऱ्या मुलीला मुलांच्या यादीत नाव घालावं लागत नाही. साराच्या नावाने चालणारं फाउंडेशन होतकरू मुलामुलींना शिष्यवृत्ती देतं.

कॅनडाच्या संघाचा प्रशिक्षक ट्रेनन पेंटर साराच्या अस्थींचा थोडा भाग सोबत घेऊन सोचीला गेला होता. त्याने तो त्या हाफपाइपमध्ये विखुरला. आपल्याकडे नाशिकला गोदावरीत अस्थी सोडताना जे मनात असतं तेच त्याच्याही मनात असणार, असं मला वाटतं. जिथे पोचायचं होतं तिथे त्याने तिला पोचवलं.

आमची मुलगी पाइपमध्ये जात नाही, मामा. अजून निळ्या, म्हणजे मधल्या पायरीच्या, उतारावरच आहे. पुढे जाईल की नाही ते तिचं तिला ठरवू दे, हेल्मेट आणि विमा आम्ही बघू. एवढं करा, हा मेसेज तुम्हाला ज्या ग्रुपवरून आला होता तिथे हे माझं लिहिलेलं टाका.