पऱ्हाटी उपटा ना आता!

काहून ठेवता बाप्पा हा मेलेला कोड? लिनक्स कर्नलमधला, म्हणजे या संगणक प्रणालीच्या गाभ्यातला, एखादा जुना ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) काढायचा म्हटलं, की लगेच कोणीतरी म्हणतं, ‘राहू द्या, कुठंतरी कोणी वापरत असंल.’ कोण वापरतं? दाखवा ना एक माणूस! चालवून पाहायला ते हार्डवेअर तरी आहे का कोणाजवळ? पण आतलं एखादं फंक्शन बदललं की या मढ्यालाही हात लावावाच लागतो.

आमच्या यवतमाळकडं कापूस संपला की पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करतात. उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळी तिथंच मुक्काम करते अन् पुढचं पीक खाते. कोडचं वेगळं आहे का? एन-एचडीएलसी हे कर्नलमधलं क्वचितच कोणी वापरतं असं मॉड्यूल, म्हणजे कोडचा एक सुटा तुकडा. त्यात २००९ मध्ये शिरलेली चूक २०१७ मध्ये सापडली. तिच्यातून साध्या युजरला रूट, म्हणजे मशीनचा पुरा मालक, होता येत होतं. आठ वर्षं!

२०१८ मध्ये कर्नलच्या ४.१७ आवृत्तीतून ८ आर्किटेक्चर (प्रोसेसरच्या जाती) एकदम काढली, जवळपास ५ लाख ओळी गेल्या. बुडालं का काही? लागलंच तर जुनं सारं गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात, आहेच. मग एका ड्रायव्हरसाठी इतका वाद काहून? इथं लाईन कधी जाईल नेम नाही, अन् मी रात्रभर जागून हा सारा कचरा डाऊनलोड करत बसतो!