त्या यादीत जूलिया कुठे आहे?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीचे दहा मुद्दे टाकले. 'ज्यांना पुस्तक वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी' असं वर ठळक अक्षरांत. खाली धडाधड अंगठे, 'खूप छान माहिती', 'सेव्ह करून ठेवलं'. मी ओट्यापाशी उभी राहून ती यादी दोनदा वाचली. घराघरांतून पाळत ठेवणारा पडदा, म्हणजे टेलिस्क्रीन आहे, हुकूमशहा बिग ब्रदर आहे, विचारांवरची पाळत आहे, बदललेला इतिहास आहे. चुकीचं काहीच नाही. पण नायक विन्स्टनची प्रेयसी जूलिया नाही. त्याची आई नाही. खिडकीखाली लंगोट वाळत घालताना गाणारी ती बाई नाही. माणसंच काढून टाकलीत पुस्तकातून, आणि म्हणे सार!

तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, हे पुस्तक मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून वाचलं. मी पुण्यात, ती सांगलीत. ती स्टाफ नर्स आहे. दिवसपाळी असली की रात्री जेवणं आटोपून, भांडी आवरून फोन करायची. दोघींकडे एकेक प्रत. एका रात्री मी मोठ्याने वाचायचं, पुढच्या वेळी तिने. वाचायचं इंग्रजीत आणि मध्येच थांबून भांडायचं मराठीत. कॉलेजात असताना मी ते एकटीने वाचलं होतं. त्या वाचनातले उंदीर लक्षात राहिले होते, पिंजऱ्यातले. आणि भीती.

सरकारने शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनचं बंदी असलेलं पुस्तक येतं तो भाग तुम्हाला आठवत असेल. जुन्या वस्तूंच्या दुकानावरची खोली, विन्स्टन आणि जूलिया, हातात ते पुस्तक. जूलिया डोळे मिटून म्हणते, तूच वाच, मोठ्याने वाच, तसंच बरं. तो वाचत सुटतो. तीन महासत्ता, कधीच न संपणारं युद्ध, पानंच्या पानं. मग त्याच्या लक्षात येतं की ती कधीचीच झोपली आहे. त्या रात्री वाचायची पाळी माझी होती. मी वाचत होते आणि फोनमधून मैत्रिणीचा संथ श्वास ऐकू यायला लागला. तीही झोपली होती. बारा तासांची ड्यूटी करून आलेली बाई. मी हाक मारली नाही. ते पान पुरं केलं आणि फोन ठेवला.

पुढच्या वेळी मी बोलता बोलता म्हटलं, जूलियाला त्या पुस्तकाचं काही पडलेलंच नाही बघ. तर ही खवळली. "अगं, दिवसभर हातात पाना घेऊन मशीनशी झटते ती. झोप लागली म्हणजे तिला कळत नाही असं झालं का? आणि बॉम्बचं कुणाला सुचलं? तुझ्या विन्स्टनला?"

खरंच की. जूलिया एकदा सहज बोलून जाते, लंडनवर पडणारे बॉम्ब बहुतेक आपलंच सरकार टाकत असेल, लोक घाबरलेले राहावेत म्हणून. विन्स्टनच्या डोक्यात हे कधीच आलेलं नसतं. गोल्डस्टाइनची पानं पालथी घालणारा तो, आणि जिला हे न वाचताच उमगलं ती झोपलेली! सगळ्यांनी जमून शत्रूच्या नावाने ओरडायच्या त्या रोजच्या 'दोन मिनिटांच्या द्वेषा'त सगळे किंचाळत असताना जूलियाला हसू आवरत नाही. विन्स्टन मात्र तिला तोंडावर म्हणतो की तुझं बंड कमरेखालचंच. मैत्रीण त्या वाक्याला फोनवर इतकी चिडली होती की घरातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. ऑर्वेलनेही जूलियाला पुरती जागा दिली नाही, हे मला मान्य करावंच लागेल. पण जेवढी दिली आहे तेवढी तरी बघा! दहा मुद्द्यांत एक ओळ नाही तिच्यासाठी.

आता माझा मुद्दा. हे पुस्तक कॅमेऱ्यांबद्दल नाही. कॅमेरे आहेत, पण ते कशासाठी आहेत? चॉकलेटचं रेशन आठवा. आठवड्याला तीस ग्रॅमचं वीस ग्रॅम करतात, आणि लगेच टेलिस्क्रीनवर सांगतात की बिग ब्रदरने रेशन वाढवून वीस केलं, लोक आभार मानायला मोर्चे काढतायत. कँटीनमध्ये विन्स्टनच्या आजूबाजूला सगळे ते गिळतात. शेजारी पार्सन्स गिळतो, हुशार सहकारी साइमही गिळतो. आणि विन्स्टनला प्रश्न पडतो की हे आठवणारा मी एकटाच उरलोय का? त्याला त्या क्षणी फार काही नको होतं. 'अरे, कालपर्यंत तीस होतं की' एवढं म्हणणारा एक माणूस शेजारी हवा होता. तो माणूस कुणालाच मिळू नये म्हणून ती सगळी यंत्रणा राबते. पार्सन्सची सात वर्षांची पोर बापाला पकडून देते आणि बाप कोठडीत बसून तिचं कौतुक करतो. ते वाचताना माझा आवाज फुटेना. पुढचं पान मैत्रिणीने वाचलं.

असं पुस्तक दुसऱ्याबरोबर वाचायचं नाही तर काय करायचं? आणि मला विचारतात, दोघींनी मिळून वाचलं म्हणजे काय, अभ्यास होता का?

आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावायचे. आजीच्या घरी मी पाहिलंय. एक जण वाचणार, बाकीच्या वाती वळत ऐकणार, कुणी पेंगणार, मध्येच कुणी विचारणार की थांबा, असं कसं वागला तो? पेंगणारीला कुणी उठवून बाहेर काढत नव्हतं. ऐकणारी माणसं समोर असली की वाचणाऱ्याला घाईघाईने पुढे पळता येत नाही. आपण हे सगळं सोडून मुद्द्यांवर कधी आलो?

वेळ नसतो लोकांना, मान्य. यादी वाचून एखादा पुस्तकाकडे वळेलही. पण वळलेला अजून मला भेटायचाय.

आणि ज्याचं पुस्तक तुम्ही दहा ओळींत आटपलंत तो ते कसं लिहीत होता हे तरी माहीत करून घ्या. बिहारमधल्या मोतीहारीत १९०३ साली जन्मलेला माणूस, क्षयाने पोखरलेला, स्कॉटलंडच्या जुरा बेटावर एका आडबाजूच्या घरात राहून लिहीत होता. टायपिस्ट तिथवर यायला मिळेना म्हणून शेवटचा खर्डा त्याने आजारपणात स्वतःच टाइप केला. ८ जून १९४९ ला पुस्तक बाहेर आलं आणि जानेवारी १९५० मध्ये तो गेला. ४६ वर्षांचा होता. मध्यंतरी अमेरिकेतल्या एका मोठ्या बुक क्लबने कळवलं होतं की गोल्डस्टाइनचा भाग आणि शेवटचं परिशिष्ट काढा, मग घेतो. तो नाही म्हणाला. अंथरुणाला खिळलेला असताना नाही म्हणाला. शेवटी क्लबने आहे तसंच घेतलं. म्हणजे ज्या पानांवर माझी मैत्रीण झोपली तीच पानं कुणाला तरी नको होती. झोप येते म्हणून पान फाडायचं नसतं हो! दमलेल्या माणसाला झोप येते, आणि तो उठून परत ते पान वाचू शकतो. तिने वाचलंच, सुट्टीच्या दिवशी, पहिल्यापासून.

मैत्रिणीचे वडील शेजारच्या खोलीतून ऐकायचे. आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. विन्स्टन जुन्या पेपरातल्या बातम्या बदलतो, मूळ कागद भट्टीत जातात, ते आलं तेव्हा दारात येऊन म्हणाले, ते परत वाचा. मग बोलायला लागले. आणीबाणी, सेन्सॉर, काही पेपरांनी कोरी सोडलेली अग्रलेखाची जागा, १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोललेल्या दुर्गा भागवत. कराड तिथून काही लांब नाही. मैत्रीण म्हणाली, बाबांनी हे घरात कधी काढलंच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं ना. त्या रात्री पुस्तक पुढे सरकलं नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. छळाच्या त्या १०१ नंबरच्या खोलीचं काय सांगू? तिथे उंदरांचा पिंजरा तोंडापाशी आणल्यावर विन्स्टन ओरडतो की हे माझ्याऐवजी जूलियाला करा. एकटीने वाचताना मी तिथे उंदरांना घाबरले होते. या वेळी फोनच्या पलीकडे मैत्रीण होती आणि ते वाक्य मला तिला ऐकवायचं होतं. इतकी वर्षं जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला तिच्या कानात. वाचलं. दोघीही गप्प. नंतर काही दिवस तिने फोन केला नाही, मीही केला नाही.

मग पुन्हा सुरू केलं. शेवटाकडे ती दोघं बागेत भेटतात, मार्चच्या गारठ्यात, आणि एकमेकांना सरळ सांगतात की मी तुझा घात केला. यादीतला दहावा मुद्दा आहे, 'शेवटी व्यवस्था जिंकते.' मीही हेच म्हणाले असते. मैत्रीण म्हणाली, "अगं, पण तेवढं एक तरी खरं बोलले ना ते एकमेकांशी. तेही झाकता आलं असतं." यावर आमचं अजून एकमत नाही. मला वाटतं तिथे काहीच उरलेलं नाही. तिला वाटतं उरलंय. परवासुद्धा यावरून वाद झाला, भाजी निवडता निवडता, स्पीकरवर.

तुमच्यातल्या ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा, त्या बागेत काही उरतं का. ज्यांनी नाही वाचलं त्यांना माझी प्रत कुरिअरने पाठवायला तयार आहे. पेन्सिलच्या खुणा आहेत, अर्ध्या तिच्या सांगण्यावरून केलेल्या. कुणाबरोबर वाचणार ते मात्र आधी कळवा.