चळवळीने पुस्तकं छापू नयेत, म्हणणाऱ्यांना उत्तर

चळवळीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. परभणीपासून धाराशिवपर्यंतच्या मित्रांनी तो मला पाठवला, काहींनी वर ‘विचार करण्यासारखं आहे’ अशी ओळ जोडून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चांगलं पुस्तक व्यावसायिक प्रकाशक छापतातच, मग संस्थांनी आणि ट्रस्टनी त्यात पडू नये. मराठवाड्यात पुस्तक विकत घेऊन वाचतंच कोण? पीडीएफ तर फुकट मिळते. देणगीवर चालणारा प्रकाशक देणगीदाराच्या ताटाखालचं मांजर असतो. स्वस्त पुस्तकाच्या नावाखाली लेखकाला राबवून घेतलं जातं. तेव्हा हा पैसा वसतिगृहांना द्यावा.

मी अशाच एका छोट्या ना-नफा प्रकाशनाच्या कामात आहे. यातल्या काही आरोपांत तथ्य आहे, तेही सांगतो. पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

‘चांगलं पुस्तक छापलं जातंच’ इथूनच सुरुवात करू. 1936 च्या परिषदेसाठी लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मसुदा वाचून मंडळवाले बिचकले आणि परिषदच बारगळली. बाबासाहेबांनी ते भाषण ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वखर्चाने छापलं. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. जातिसंस्थेवरचं आजही भरपूर वाचलं जाणारं हे लिखाण कुठल्याही प्रकाशकाच्या कृपेने आलेलं नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये सुरू केलेलं ‘मराठवाडा’ साप्ताहिक घ्या. निजाम सरकारने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघायचं. धंदा म्हणून हिशेब मांडणारा कुणीही पहिल्याच बंदीला दुकान आवरतं घेईल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आजचा धोका निराळा आहे. आज मराठीत पुस्तक निघावं म्हणून अनेकदा लेखकच पैसे भरतो, किंवा आपल्याच पुस्तकाच्या शे-दोनशे प्रती आधी विकत घेतो. पदोन्नतीसाठी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेलं पुस्तक लागतं म्हणून प्राध्यापक मंडळी हे करतात, आणि काही प्रकाशनसंस्था त्यावरच चालतात. मग काय छापायचं हे मजकुरावर ठरतं की खिशावर? 2019 मध्ये सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण केलं. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडा अहवालात आला, वर्तमानपत्रांत आला. पण यातली एखादी बाई स्वतःच्या शब्दांत जे सांगेल, त्याचं पुस्तक काढायला ती पैसे कुठून भरणार? ती उचल फेडायला कारखान्यावर गेलेली असते. तिच्याकडे जाऊन बसायचं, रेकॉर्ड करायचं, उतरवायचं, तिला वाचून दाखवायचं, तिची संमती घ्यायची, आणि मग कुठे डीटीपीला द्यायचं. या महिन्यांचा खर्च कोणत्याही निर्मितीखर्चाच्या तक्त्यात बसत नाही.

शिवाय छापणं हे अर्धंच काम आहे. खरी कसोटी लागते पहिली आवृत्ती संपल्यावर. पाचशे प्रती तीन-चार वर्षांत रखडत संपल्या की व्यावसायिक प्रकाशक पुनर्मुद्रणात पैसा अडकवत नाही, कारण तोच पैसा नव्या पुस्तकात लवकर फिरतो. चळवळीला मात्र ते पुस्तक दहा वर्षांनीही लागतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून झालेल्या नामांतराच्या लढ्यानंतर जन्मलेली मुलं आज विद्यापीठात आहेत. 1978 मध्ये गावोगाव काय घडलं हे त्यांना विचारायचं असतं, आणि पुस्तकाचं नाव सांगितलं तर ते दहा-दहा वर्षं बाजारात नसतं. कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका 1988 पासून लोकवाङ्मय गृहाने सतत छापत ठेवली, म्हणून तिच्या प्रती लाखाच्या पुढे गेल्या. हे खप पाहून ठरलेलं नव्हतं. ती वाचकाला मिळत राहिली पाहिजे, हे आधी ठरलेलं होतं.

‘सरकार छापतंच की’, असंही त्या संदेशात ओझरतं म्हटलंय. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड सरकारनेच छापायचे आहेत, हे खरं. पण त्यासाठी घेतलेला कागद पडून राहिला आणि छपाई रखडली, म्हणून 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती.

आता ‘मराठवाड्यात वाचतंच कोण’. 14 जानेवारीला नामविस्तार दिनी संभाजीनगरला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी या. किनवट, मुखेड, गंगाखेडहून रात्रीच्या एसटीने आलेली माणसं पुस्तकांच्या स्टॉलवर वाकलेली दिसतील. संविधान, फुले, बुद्धचरित्र, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची माहिती. पन्नासची नोट मुठीत धरून तीन पुस्तिकांतली कोणती घ्यावी यावर खल करणाऱ्या बाया मी दरवर्षी पाहतो. हे वाचक वर्षातले उरलेले दिवस कुठे जातात? कुठेच जात नाहीत, आपण त्यांच्यापर्यंत जात नाही. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे बहुतेकदा शालेय पुस्तकं, गाइड, वह्या आणि स्पर्धा परीक्षेचे ठोकळे. तिथल्या दुकानदाराने आपलं पुस्तक ठेवायचं तर किमतीच्या तीस-चाळीस टक्के सूट द्यावी लागते, आणि ऐंशी रुपयांच्या पुस्तकात ती देऊन काही उरत नाही.

उरला टपालाचा मार्ग. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्टची सवलत एकाएकी बंद केली, तेव्हा छोट्या प्रकाशकांचं कंबरडंच मोडलं. पुस्तक साठ रुपयांचं आणि पाठवणी जवळपास तेवढीच, तर कोण मागवेल? 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. म्हणजे पाच किलोचा गठ्ठा शंभर-सव्वाशे रुपयांत गावच्या ग्रंथालयात किंवा महिला मंडळात पोचू शकतो. याचा फायदा घेणं आपल्या हातात आहे. वाचक नाहीत असं म्हणण्याआधी प्रत्येक तालुक्यात असा एक तरी गठ्ठा उतरला का, हे विचारा.

पीडीएफबद्दल फार बोलत नाही. आम्हीही जुन्या पुस्तिका स्कॅन करून मोफत देतो. पण त्या पीडीएफसाठी आधी कुणीतरी संपादन केलं, मुद्रितशोधन केलं, छापलं. आणि छापील पुस्तक 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करावं लागतं. गट बंद पडला, फोन बदलला, तरी तिथली प्रत राहते.

देणगीदाराच्या मुद्द्यात मात्र दम आहे. एकाच मोठ्या निधीवर उभी राहिलेली कामं निधी थांबला की कोसळतात, आणि निधी चालू असताना विषयही हळूहळू निधीच्या भाषेत लिहिले जाऊ लागतात. हे मी जवळून पाहिलंय. पण त्यावर उपाय प्रकाशन बंद करणं हा नाही. 1974 मध्ये ग्रंथाली सुरू झाली ती वाचकांना सोबत घेऊन चालणारी चळवळ म्हणून, आणि दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ 1978 मध्ये तिथूनच आलं. प्रकाशनपूर्व सवलतीत पाचशे माणसांनी दोनशे-दोनशे रुपये आधी दिले तर त्यातला कुणी एक जण मजकूर बदलायला सांगू शकत नाही. ट्रस्ट असेल तर दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. तो मागा, वाचा, प्रश्न विचारा. आणि हाच निकष इतरांनाही लावा: ज्या प्रकाशकाचं वर्ष सरकारी ग्रंथखरेदीच्या यादीवर अवलंबून असतं, तो कुणाच्या ओंजळीने पाणी पितो?

लेखकाच्या मानधनाचं. जे मानधन देत नाहीत त्यांना जाब विचाराच, मीही तुमच्यासोबत असेन. पण स्वस्त पुस्तक म्हणजे लेखकाचं नुकसान, हा हिशेबच चुकीचा आहे. समजा 300 रुपयांच्या पुस्तकाच्या 500 प्रती गेल्या. दहा टक्क्यांनी लेखकाला 15,000 रुपये मिळतील. तेच पुस्तक 100 रुपयांना ठेवलं आणि 2,000 प्रती गेल्या, तर 20,000. अडचण आमच्या बाजूला येते: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे, आणि तो भरलेला कर आम्हाला परत मिळत नाही. तो किमतीत धरावा लागतो. ती खोट भरून काढण्यासाठी देणगी लागते, लेखकाचा हक्क मारून ती भरायची नसते. चळवळीच्या पुस्तकांत मुद्रितशोधन ढिसाळ असतं, ही तक्रारही रास्त आहे. मुद्रितशोधकाला पैसे द्यायला लागलो की ती कमी होते, एवढं नक्की.

राहिला ‘वसतिगृहांना द्या’ हा सल्ला. 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं करणारी संस्था पीपल्स एज्युकेशन सोसायटी. बाबासाहेबांनी 1956 मध्ये ‘बुद्ध अँड हिज धम्म’च्या पाचशे प्रती सरकारने घ्याव्यात म्हणून नेहरूंना पत्र लिहिलं, नकार आला. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध केला तो याच संस्थेच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, नागसेनवनात, गावकुसाबाहेरची पोरं वसतिगृहात राहून शिकली, आणि 1967 मध्ये इथेच ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघालं, जे पुढे गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ झालं. शिकून लिहायला लागलेल्या त्या पोरांना छापणारं कुणीतरी हवं होतं. वसतिगृह आणि छापखाना यांतलं एक निवडा, असं त्या पिढीला कुणी सांगितलं नव्हतं. आपणही ते ऐकू नये.