उलटी लेन्स आणि डेप्थ ऑफ फील्ड: एफ/22 हा उपाय का नव्हे

लेन्स उलटी (पुढचे तोंड कॅमेऱ्याकडे करून) लावून कीटकांची छायाचित्रे काढू पाहणाऱ्या प्रत्येकापर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो. त्याचा आशय असा: लेन्स उलटी लावल्यामुळे डेप्थ ऑफ फील्ड (चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी) उथळ होते, हा या पद्धतीचा दोषच आहे, म्हणून मिळेल तितकी रुंद कोनाची लेन्स उलटी लावावी, कारण रुंद कोनाच्या लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड मुळातच जास्त असते, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, थेट एफ/22 पर्यंत बंद करावे (एफ-संख्या जितकी मोठी तितके छिद्र लहान), म्हणजे कीटक डोक्यापासून टोकापर्यंत स्पष्ट येतो, आणि ज्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग नाही ती या कामाला निरुपयोगी समजावी. या चारही विधानांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे आणि त्यामुळेच तो सल्ला टिकून आहे. मात्र तो तंतोतंत पाळणाऱ्याच्या हाती मऊ, तपशील हरवलेली छायाचित्रे येतात आणि दोष स्वस्त साधनांना दिला जातो, हे मला फार खटकते. ही पद्धत त्याहून चांगल्या निकालांची क्षमता बाळगून आहे.

पहिले विधान सर्वांत लवकर निकाली निघते. इतक्या जवळच्या छायाचित्रात डेप्थ ऑफ फील्ड दोनच गोष्टी ठरवतात: सेन्सरवरचे वर्धन (तिथली प्रतिमा वस्तूच्या किती पट आहे) आणि प्रत्यक्षात काम करणारे ॲपर्चर. अस्पष्टतेचा जेवढा ठिपका आपण चालवून घेतो त्याच्या दुपटीला प्रत्यक्ष एफ-संख्येने गुणावे आणि वर्धनाच्या वर्गाने भागावे, की स्पष्ट पट्ट्याची जाडी मिळते. लेन्स सरळ आहे की उलटी, याला या हिशेबात स्वतंत्र स्थान नाही. दुप्पट वर्धनावर एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी) लावलेली सरळ लेन्सही तितकीच उथळ असते. लेन्स उलटी लावण्यामागे तर उलट एक भक्कम प्रकाशशास्त्रीय कारण आहे. सामान्य लेन्स समोरच्या दूरच्या वस्तूसाठी आणि मागच्या जवळच्या सेन्सरसाठी सुधारलेली असते. वर्धन 1:1 च्या (प्रतिमा वस्तूएवढीच) पुढे गेले की वस्तू जवळ आणि सेन्सर दूर अशी स्थिती होते, आणि लेन्स फिरवली की ती पुन्हा आपल्या मूळ रचनेच्या जवळ काम करू लागते.

रुंद कोनाच्या लेन्सविषयीचे विधान दूरच्या दृश्यांवरून उचललेले आहे. एकाच जागी उभे राहून 50 मिमी ऐवजी अधिक रुंद कोनाची 28 मिमी लेन्स लावली तर स्पष्टतेचा पट्टा वाढतो, कारण वस्तू चित्रात लहान होते. उलट्या लेन्सच्या बाबतीत नेमके याच्या विरुद्ध घडते. 50 मिमी लेन्स थेट कॅमेऱ्यावर उलटी लावली की वर्धन ढोबळमानाने 1:1 च्या आसपास असते. 28 मिमी लेन्स उलटी लावली की ते दुपटीच्या आसपास किंवा थोडे पुढे जाते. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरसाठी 0.02 मिमीचा ठिपका चालतो असे धरले आणि लेन्सवर एफ/8 ठेवले, तर 1:1 वर पट्टा साधारण 0.64 मिमी जाडीचा असतो, दुपटीवर 0.24 मिमीचा आणि तिपटीवर अवघ्या 0.14 मिमीचा. म्हणजे जास्त डेप्थ ऑफ फील्डच्या आशेने अधिक रुंद कोनाची लेन्स निवडणारा ती आपल्याच हाताने निम्म्याहून कमी करतो. वर्धन समान ठेवले तर 50 मिमी आणि 28 मिमी यांच्या स्पष्ट पट्ट्यात सांगण्यासारखा फरक उरत नाही. बदलतो तो मागच्या दृश्याचा आवाका. कीटकापासूनचे अंतरही फारसे बदलत नाही, कारण उलट्या लेन्सचे कार्य-अंतर मुख्यतः तिच्या माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याच्या) मापाने, म्हणजे माउंटपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराने ठरते. निकॉनच्या एफ माउंटसाठी ते माप 46.5 मिमी आहे, तर कॅननच्या ईएफ माउंटसाठी 44 मिमी. प्रत्यक्ष अंतर त्याहून काही मिलिमीटर जास्त भरते.

आता एफ/22. या विधानाने सर्वाधिक नुकसान केले आहे, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडणे आवश्यक वाटते. लेन्सवर कोरलेली एफ-संख्या दूरच्या वस्तूंसाठी खरी असते. वर्धन वाढले की प्रत्यक्ष संख्या मिळवण्यासाठी कोरलेल्या आकड्याला वर्धन अधिक एक या राशीने गुणावे लागते. दुप्पट वर्धनावर एफ/8 म्हणजे प्रत्यक्षात एफ/24 आणि एफ/22 म्हणजे एफ/66. (रुंद कोनाच्या लेन्समध्ये पुढून आणि मागून दिसणाऱ्या छिद्रांचे आकार वेगळे असल्यामुळे उलटी लावल्यावर हा आकडा थोडा कमी भरतो, पण निष्कर्ष बदलत नाही.) एवढ्या अरुंद छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि प्रत्येक बिंदू सेन्सरवर एका चकतीएवढा पसरतो. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास एफ/24 ला सुमारे 0.032 मिमी, तर एफ/66 ला सुमारे 0.089 मिमी होतो. आपण 0.02 मिमीच्या ठिपक्याला स्पष्टतेची मर्यादा मानून डेप्थ ऑफ फील्ड मोजत होतो; एफ/66 ला चित्रातला सर्वोत्तम फोकसचा बिंदूसुद्धा त्या मर्यादेच्या चौपटीहून मोठा आहे. गणित 0.66 मिमी जाडीचा पट्टा दाखवते खरे, पण त्या पट्ट्यात खऱ्या अर्थाने स्पष्ट असे काही उरलेले नसते. सर्व काही सारखेच मऊ असते आणि त्या सारखेपणालाच खोली समजले जाते.

याचा अर्थ कीटकाच्या शरीरावर काय होतो ते पाहावे. माशीच्या संयुक्त डोळ्यातील एकेका नेत्रिकेची रुंदी सुमारे 0.02 ते 0.03 मिमी असते. एफ/8 वर दुप्पट वर्धनाने ही जाळी व्यवस्थित उमटते. एफ/22 वर तिचा काँट्रास्ट इतका खालावतो की डोळ्याचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट दिसू लागतो. नंतर संगणकावर शार्पनिंग वाढवून काही कडा ठळक होतात, पण जो तपशील सेन्सरपर्यंत पोहोचलाच नाही तो कुठूनही परत आणता येत नाही. आणि एवढे गमावून मिळवले काय? घरमाशी सहा-सात मिलिमीटर लांब असते. समोरून पाहता 0.66 मिमीत तिचे डोकेही पुरते मावत नाही. संपूर्ण कीटक स्पष्ट येईल हे वचन दुप्पट वर्धनावर कोणतेही ॲपर्चर पाळू शकत नाही.

शिवाय प्रकाशाचा प्रश्न आहे. एफ/8 वरून एफ/22 वर जाताना तीन स्टॉप प्रकाश जातो (प्रत्येक स्टॉपला तो निम्मा होतो) आणि फ्लॅशला सुमारे आठपट काम करावे लागते. कॅमेऱ्यावरचे फ्लॅश आपली ताकद झोताच्या कालावधीने कमीजास्त करतात. ताकद वाढली की झोत लांबतो आणि शृंगिकांची थरथर किंवा हाताचा कंप चित्रात उतरण्याची शक्यता वाढते. सेन्सरवरची धूळही लहान छिद्रालाच ठळक ठिपक्यांच्या रूपाने दिसते, आणि बाहेर कीटकांच्या मागे लेन्स सतत काढ-घाल करणाऱ्यांच्या सेन्सरवर धूळ असतेच.

माझे मत असे आहे की 1:1 च्या आसपास एफ/8 ते एफ/11, दुपटीला एफ/5.6 ते एफ/8 आणि तिपटीला एफ/4 ते एफ/5.6 या मर्यादेत राहावे आणि उरलेली खोली अन्य मार्गांनी मिळवावी. त्यातला पहिला मार्ग कोनाचा. स्पष्टतेचा पट्टा सेन्सरला समांतर असतो. चतुर किंवा फुलपाखरू बाजूने टिपताना त्याचे शरीर त्या प्रतलात आणले, तर पाव मिलिमीटरच्या पट्ट्यातही विलक्षण मोठा भाग सामावतो. समोरून काढायचे असेल तर डोळे आणि शृंगिकांचे मूळ एका प्रतलात येतील असा किंचित तिरका कोन शोधावा. फोकसची रिंग इथे फार उपयोगी पडत नाही. कॅमेराच मागेपुढे करावा लागतो. त्यासाठी डाव्या हाताने काडी किंवा देठ धरून त्याच हातावर लेन्स टेकवली की कीटक आणि कॅमेरा एकत्र हलतात आणि कंपाचा बराचसा त्रास संपतो.

दूर सरून कमी वर्धनावर छायाचित्र काढावे आणि नंतर ते कापावे, हा उपायही पुष्कळदा खोली वाढवणारा म्हणून सांगितला जातो. एफ/8 वर 1:1 ला काढून निम्मे कापले तर पट्टा 0.24 मिमीवरून 0.32 मिमीपर्यंत जातो, पण विवर्तनाची चकतीही त्याच प्रमाणात मोठी करून पाहिली जाते. खोली आणि तपशील दोन्ही कीटकाकडून लेन्समध्ये शिरणाऱ्या प्रकाशाच्या शंकूवर अवलंबून असल्यामुळे दुसरे गमावल्याशिवाय एक वाढवता येत नाही. या नियमातून सुटण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे फोकस स्टॅकिंग. 0.24 मिमीच्या पट्ट्यासाठी 0.15 मिमीच्या आसपास पावले टाकत छायाचित्रांची मालिका घ्यावी आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या प्रणालीत ती जोडावी. पहाटेच्या गारव्यात कीटक सुस्त असतात, तेव्हा हे जिवंत कीटकावरही साधते. त्यासाठी कीटक पकडून फ्रिजमध्ये गारठवण्याची प्रथा मला अजिबात मान्य नाही. ज्या जिवाचे सौंदर्य दाखवायचे त्यालाच इजा करण्याची गरज कोणत्याही छायाचित्राला नसते.

राहिले रिंग नसलेल्या लेन्सचे. कॅननच्या ईएफ लेन्सवर हवे ते ॲपर्चर निवडावे, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचे (निवडलेल्या आकड्यापर्यंत छिद्र प्रत्यक्ष बंद करणारे) बटण दाबून धरावे आणि ते दाबलेले असतानाच लेन्स फिरवून काढावी. छिद्राच्या पाकळ्या आहेत त्या जागी थांबतात. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्समध्ये माउंटजवळ एक छोटी तरफ असते. लेन्स कॅमेऱ्यावर नसताना ती छिद्र सर्वांत लहान करून ठेवते, म्हणून व्ह्यूफाइंडर काळा दिसतो आणि लेन्स निकामी असल्याचा समज होतो. तरफ अंशतः उघडी राहील अशी घडी घातलेल्या कार्डाची पट्टी तिथे अडकवावी. छिद्र किती उघडे आहे हे एकाच प्रकाशात पांढऱ्या कागदाची छायाचित्रे घेऊन ठरवता येते: एफ/3.5 पूर्ण उघडे असताना 1/250 सेकंद लागत असेल, तर तेवढ्याच उजेडाच्या चित्राला 1/50 सेकंद लागेल ती स्थिती एफ/8 च्या जवळची असते. त्या मापाची पट्टी पुढे तशीच वापरता येते. झूम लेन्सचा मिमीतला आकडा बदलला, तर मात्र वर्धनही बदलते आणि मोजणी नव्याने करावी लागते.