मराठीला हिंदीच्या खाली कोणी ढकललं?

सध्या ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज फिरतोय. सोबत कुठल्याशा ॲपमधल्या भाषांच्या यादीचा स्क्रीनशॉट, हिंदीभोवती लाल गोल, मराठीकडे बाण. मजकुराचा सारांश असा: कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, हिंदी वर आणि मराठी खाली, आणि हे सगळीकडे ठरवून चाललंय. बोलणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे यादी लावली तर मराठीला न्याय मिळेल. आणि आता अभिजात दर्जा मिळालाय, म्हणजे वरची जागा हक्काचीच.

स्क्रीनशॉट खोटा नाही. पण त्यातली नावं इंग्रजीत आहेत आणि एबीसीडीप्रमाणे लावली आहेत. एच आधी येतो, एम नंतर. त्याच चित्रात कन्नड आणि मल्याळमही मराठीच्या वर आहेत. त्यांच्याभोवती गोल काढायचं कसं राहिलं?

‘कुठलंही सॉफ्टवेअर’ म्हणाल, तर जिथे प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत लिहिलेली असते अशी एखादी यादी उघडून बघा. तिथे बहुतेक वेळा नेपाली, मराठी, हिन्दी असा क्रम दिसेल. मराठी वर, हिंदी खाली! यातही कोणाची मेहरबानी नाही. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोड या मानकात ‘न’चा क्रमांक २३४४, ‘म’चा २३५० आणि ‘ह’चा २३६१, संगणक लहान आकडा आधी घेतो, बस. देवनागरी संपली की बंगाली लिपी, मग गुरुमुखी, गुजराती आणि पुढे थेट मल्याळमपर्यंत. अक्षरांची ही मांडणी युनिकोडने ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतली. रागवायचंच असेल तर तिथे एक खरं कारण सापडेल: आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ त्या मांडणीत ‘ल’च्या शेजारी बसलाय. त्यामुळे नुसत्या आकड्यांवर लावलेल्या मराठी याद्या चुकतात. त्यावर मात्र एकही मेसेज आलेला नाही.

संख्येचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. २०११च्या जनगणनेत हिंदी सुमारे ५२.८ कोटी, बंगाली ९.७ कोटी, मराठी ८.३ कोटी, तेलुगू ८.१ कोटी. म्हणजे या हिशेबाने हिंदी कायमची पहिली, जे मेसेजवाल्यांनाच नकोय. शिवाय २००१मध्ये तेलुगू मराठीच्या पुढे होती. दर जनगणनेला मेन्यू हलवत बसायचं का? वीस-बावीस भाषांत आपली शोधताना तिचे भाषक किती हे कोणाच्या डोक्यात नसतं, नाव असतं. कोकणीवाल्यांनी तर तळापर्यंत सरकवतच जायचं.

अभिजात दर्जाचं म्हणाल तर तमिळला तो २००४मध्येच मिळाला, आपल्याला ऑक्टोबर २०२४मध्ये. त्या रांगेतही आपण मागेच.

एका ठिकाणी मात्र हा मेसेज चुकून बरोबर ठरतो. हेल्पलाइनवर ‘इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन’ ऐकू येतं, तो क्रम कुठल्या युनिकोडने लावलेला नसतो. कोणीतरी बैठकीत बसून ठरवलेला असतो. पडद्यावरची यादी नजर टाकून संपते, फोनवरची शेवटपर्यंत ऐकावी लागते. महाराष्ट्रातल्या ग्राहकांसाठीच्या लाइनवर मराठी तिसरी येत असेल, किंवा येतच नसेल, तर तक्रार जरूर करावी आणि ती लेखी करावी.

पडद्यावरच्या मेन्यूबद्दल मागायचं असेल तर वेगळं मागा. भाषा बदलायला तोच येतो ज्याला समोरची भाषा वाचता येत नाही. त्याच्यासाठी ‘मराठी’ हे नाव देवनागरीत हवं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये नव्हे. शोधायच्या चौकटीत रोमन अक्षरांत टाइप केलं तरी ते सापडायला हवं. आणि एकदा निवडलेली मराठी पुढच्या अपडेटनंतर टिकायला हवी, नाहीतर यादीत पहिली येऊनही पुन्हा शोधायलाच जावं लागतं.